पामतेल सोडू का? सोडलं तर चकली कशात तळू?

वाचकाचं पत्र:

ताई, मी डोंबिवलीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, शेव, चिवडा वर्षभर चालू असतं, दिवाळीत दोघीजणी मदतीला येतात. तळण पामोलिनमध्ये, म्हणजे पातळ पामतेलात करते. डबा स्वस्त पडतो, माल लवकर खवट होत नाही, तेलाचा वासही लागत नाही. मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं इंडोनेशियातल्या जंगलांची माहिती जमवली आणि तेव्हापासून बिस्किटाचा पुडा आणला की मागची बाजू वाचून तो तसाच ठेवून देते. परवा म्हणाली, "आई, तुझ्या चकलीपायी तिकडं ओरांगउटान मरतात." सासूबाई म्हणतात, आम्ही रेशनच्या पामतेलावर संसार केले, हे काय नवीन काढलंय? मुलीचं खरं आहे का? तेल बदललं तर दर वाढवावे लागतील आणि गिऱ्हाइकं तुटतील. आणि बदलायचंच तर कुठलं घ्यायचं?
– एक वाचक, डोंबिवली

ताई,

तुमच्या मुलीनं सांगितलं त्यातलं जंगलाचं आणि ओरांगउटान या मोठ्या वानरांचं खरं आहे. बोर्निओ बेटावर १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शिकारीचा आणि लाकूडतोडीचा वाटाही मोठा आहे, सगळं पामच्या माथी मारता येत नाही. पण जिथं जंगल साफ करून पाम लावला तिथून तर ते समूळ गेले. ओरांगउटानाची मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याचं घर एकदा मोडलं की तो पुन्हा उभा राहत नाही. तेव्हा मुलगी अस्वस्थ झाली असेल तर तिला 'उगाच काहीतरी' म्हणू नका. तुमची चकली आणि ते जंगल यांच्यामध्ये मात्र बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि त्या समजून घेतल्या तर काय करायचं हेही बरंच सोपं होईल.

पाम हे मूळचं पश्चिम आफ्रिकेचं झाड. आज जगातलं सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं, आणि ते विकत घेणाऱ्या देशांत आपला नंबर पहिला. वर्षाला साधारण ७५ ते ९५ लाख टन पामतेल आपण आयात करतो. झाडाला लालसर फळांचे जड घड लागतात. घड उतरवला की चोवीस तासांच्या आत गिरणीत पोचावा लागतो, नाहीतर तेलातलं आम्ल वाढून प्रत उतरते. या एका अटीनं केवढं घडवलं बघा. लागवड असेल तिथं जवळपास गिरणी हवी, गिरणीपर्यंत ट्रकचा रस्ता हवा, आणि रस्ता जंगलात शिरला की त्याच्यामागून करवती आणि बंदुका शिरतात. शिवाय एका गिरणीत मोठ्या मळ्यांचा माल येतो, तसा दोन-चार हेक्टरवाल्या शेकडो शेतकऱ्यांचाही येतो. सगळे घड एकाच कढईत शिजतात. कुणाचा जुन्या शेतावरचा आणि कुणाचा राखीव जंगल जाळून लावलेल्या बागेतला, हे तेलाकडे बघून कळणार कसं? इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर, रिआऊ प्रांतात, तेस्सो निलो नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. हत्तींसाठी २००४ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ८१ हजार हेक्टर. कागदावर ते आजही उद्यान आहे, पण त्यातल्या बहुतेक जंगलाच्या जागी आता बेकायदा पाम उभा आहे. तिथले घडसुद्धा कुठल्या ना कुठल्या गिरणीत जातातच.

पण सगळ्यात मोठं नुकसान झाडांच्या खाली होतं, आणि ते फोटोत दिसत नाही. तुमच्या मुलीच्या प्रकल्पात हा भाग आला नसेल तर तिला जरूर सांगा. सुमात्रा आणि बोर्निओच्या सखल भागात दलदलीची जंगलं आहेत. तिथं जमीन बारमाही पाण्यात. पडलेली पानं, फांद्या, खोडं पाण्याखाली जातात, हवा मिळत नाही, त्यामुळे पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षं हा काळपट, स्पंजासारखा थर साठत गेला. काही ठिकाणी तो दहा मीटरहून खोल आहे. याला पीट म्हणतात. त्या थरात कार्बन कोंडलेला असतो, आणि पाणी आहे तोवर तो तिथंच राहतो.

पामला मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. म्हणून लागवडीआधी चर खणतात, कालवे काढतात आणि पाणी नदीला सोडून देतात. पाणी उतरलं की पीट वाळतो, त्यात हवा शिरते आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. जमीन दरवर्षी थोडी थोडी खचत जाते. आग लागली नाही तरी अशी जमीन वर्षानुवर्षं कार्बन डायऑक्साइड सोडत राहते. आणि आग लागली तर ती जमिनीच्या पोटात शिरते. वरून पाणी मारलं तरी आत धुमसत राहते, दोन दिवसांनी भलतीकडेच डोकं काढते, आणि पावसाळा लागेपर्यंत विझत नाही.

२०१५ मध्ये हेच झालं. एल निनोचं वर्ष होतं, पाऊस लांबला. जून ते ऑक्टोबर या काळात इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जमीन जळाली. आपले रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तरी २१ लाख हेक्टर भरत नाहीत. जागतिक बँकेनं नुकसानीचा अंदाज १६ अब्ज डॉलर दिला. बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागाला कालिमांतान म्हणतात, तिथल्या मध्य कालिमांतान प्रांताची राजधानी पालंकाराया इथं दिवसा आभाळ पिवळं-नारिंगी झालं होतं. हवेचा जो निर्देशांक ३०० च्या वर गेला की धोकादायक धरतात, तो तिथं २००० च्या घरात पोचला. लहान मुलं, म्हातारी माणसं त्या धुरात आठवडेच्या आठवडे श्वास घेत होती. सगळ्या आगी पामसाठी लावल्या होत्या असं नाही. कागदासाठी लावलेल्या अकेशियाच्या बागा होत्या, शेत साफ करणारे छोटे शेतकरी होते. शिवाय कालिमांतानमध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत, नव्वदच्या दशकात, दहा लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचा एक घाट घातला होता. हजारो किलोमीटर कालवे खणले, भात काही पिकला नाही, आणि कोरडा पडलेला पीट दर दुष्काळात पेटत राहिला. पण पामच्या मळ्यांचा त्यात ठळक हात होता, याबद्दल शंका नाही.

हे ऐकून पामतेलाचा डबा आजच्या आज बाहेर काढावासा वाटेल. जरा थांबा. कारण झाड म्हणून पाम वाईट नाही. हेक्टरी तीन-चार टन तेल देणारं दुसरं पीक नाही. सोयाबीन जेमतेम अर्धा टन देतं, सूर्यफूल त्याहून थोडं जास्त. उद्या सगळ्या जगानं पामतेल टाकून सोयातेल धरलं तर तेवढंच तेल काढायला कितीतरी पट जमीन लागेल. ती कुठून येणार? ब्राझीलच्या सेराडो माळरानातून, अर्जेंटिनाच्या चाको जंगलातून. तिथं सोयासाठी नांगर फिरतोच आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं २०१८ च्या अहवालात हेच बजावलं होतं: पामच्या लागवडीमुळे धोक्यात आलेल्या १९३ प्रजाती मोजल्या, आणि त्याच अहवालात सांगितलं की आंधळेपणानं दुसऱ्या तेलांकडे वळलात तर नुकसान फक्त जागा बदलेल. म्हणजे पाम कुठल्या जमिनीवर लावला, हे बघायला हवं. ते विचारणारं आपल्याकडे जवळजवळ कुणी नाही, आणि माझ्या मते आपली सगळ्यांची चूक तिथं आहे.

विचारल्यानं फरक पडतो. २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेनं नेस्लेच्या किटकॅटवरून मोहीम उघडली. लाखो लोकांनी जाब विचारला आणि दोनेक महिन्यांत कंपनीनं जंगलतोडीचं तेल न घेण्याचं धोरण जाहीर केलं. डिसेंबर २०१३ मध्ये विल्मार या सगळ्यात मोठ्या पामतेल व्यापारी कंपनीनंही जंगल आणि पीट तोडून आलेला माल घेणार नाही असं जाहीर केलं. इंडोनेशियाच्या सरकारनं २०११ मध्ये मूळ जंगलावर आणि पीटवर नवे परवाने देणं थांबवलं आणि २०१९ मध्ये ती बंदी कायमची केली. पामसाठीची जंगलतोड तिथं २०१२ च्या आसपास शिगेला पोचली होती, पुढच्या दशकात ती खूप खाली आली. संपलेली नाही, पण आली. हा दबाव मुख्यतः युरोपातल्या गिऱ्हाइकांनी आणला. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपण, आणि आपण फक्त भाव विचारतो.

आता सासूबाईंचं. त्यांचा अपमान वाटेल असं काही घरात बोललं जाऊ नये, ही माझी मुलीलाही विनंती आहे. ऐंशीच्या दशकात रेशनच्या दुकानात पामतेल मिळायचं म्हणून कितीतरी घरांत सणाला कढई चढली. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर यांच्याबरोबर एक लिटर पामतेलच होतं. ज्याला तेवढंच परवडतं त्यानं अपराधी वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. पण सासूबाईंच्या वेळचं पामतेल कार्डावर मोजून मिळायचं आणि ते पामतेल आहे हे त्यांना ठाऊक असायचं. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि मग ते बिस्किटात, खारीत, टोस्टमध्ये, फरसाणात, नूडल्समध्ये, क्रीमच्या बिस्किटाच्या क्रीममध्ये, स्वस्त चॉकलेटच्या वेष्टणात न सांगता जाऊन बसलं. आज ज्या घरात पामतेलाची बाटली कधीच येत नाही त्या घरातही ते रोज खाल्लं जातं. सासूबाईंना हा फरक सांगा, त्या समजून घेतील.

बिस्किटांबद्दल थोडक्यात. बिस्किट खुसखुशीत व्हायला घट्टसर स्निग्ध पदार्थ लागतो. पूर्वी त्यासाठी वनस्पती तूप असायचं. त्यातल्या ट्रान्स फॅट या हृदयाला घातक मेदावर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. पाम मुळातच अर्धघट्ट असल्यानं कारखान्यांना तो सोयीचा आहे आणि ते तो सहजासहजी सोडणार नाहीत. त्यामुळे पाम नसलेलं बिस्किट शोधत दुकानं पालथी घालण्यापेक्षा घरात येणारे पुडेच कमी करा. मधल्या वेळेला शेंगदाणे-गूळ, फुटाणे, चुरमुरे, एखाद्या रविवारी तुपातली नानकटाई. मुलगी आधीच निम्म्या वाटेवर आली आहे, तिला हे जड जाणार नाही.

जे पुडे येतीलच, त्यांच्याबाबतीत मुलीला एक काम द्या. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत 'खाद्य वनस्पती तेल' असं लिहून कंसात पाम किंवा पामोलिन लिहिलेलं असतं. तिथंच खाली ग्राहकसेवेचा ईमेल असतो. तिनं साध्या भाषेत लिहावं: "या पुड्यातलं पामतेल जंगल न तोडता पिकवल्याचं प्रमाणपत्र असलेलं आहे का? असेल तर वेगळं राखून आणलेलं, की इतर तेलात मिसळलेलं?" हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. शाश्वत पामतेलासाठी २००४ मध्ये आरएसपीओ नावाची संस्था स्थापन झाली, जगातलं साधारण पाचव्या हिश्श्याचं पामतेल तिच्या प्रमाणपत्राखाली येतं. पण त्यात प्रकार आहेत. एका प्रकारात तेल मळ्यापासून वेगळं ठेवतात, दुसऱ्यात प्रमाणित आणि साधं तेल एकत्र करून फक्त कागदावर हिशेब जुळवतात. या पद्धतीवर टीका आहे आणि ती रास्त आहे. तरी काहीच न विचारण्यापेक्षा हा प्रश्न शंभर पटीनं बरा. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहावं, वर्गातल्या चौघांना लिहायला लावावं.

तिच्या प्रकल्पात भारताचं पानही हवं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ११,०४० कोटी रुपयांचं पाम लागवडीचं अभियान मंजूर केलं, त्यात ईशान्य भारत आणि अंदमानवर भर आहे. आयात कमी व्हावी हा हेतू चांगलाच आहे. आंध्र-तेलंगणात आधीच शेती असलेल्या जमिनीवर पाम लावतात, तिथं जंगल तुटत नाही. पण एकेका झाडाला रोज दीडशे लिटरच्या वर पाणी लागतं आणि ते बहुधा बोअरवेलचं असतं. मिझोरममध्ये डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या पक्ष्यांवर २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या फिरत्या शेतीला, झूमला, सगळे नावं ठेवतात, तिथं पामच्या बागेपेक्षा जंगलातले पक्षी जास्त आढळले. सुमात्रात जे झालं ते डोळ्यांसमोर असताना आपण आपलीच डोंगरउतारावरची जंगलं पणाला लावावीत, हे मला अजिबात पटत नाही. नववीतल्या मुलीनं हे आत्ताच वाचलेलं बरं.

आता तुमच्या कढईकडे येते.

तेल निवडताना माझी कसोटी एकच आहे: त्या तेलासाठी नवी जमीन मोडावी लागते का? या कसोटीवर दोन तेलं उतरतात, ज्यांच्याकडे आपण उगाच दुर्लक्ष करतो. एक राइसब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याचं. भात खाण्यासाठी पिकतोच, साळ सडताना कोंडा निघतोच, त्यातून हे तेल येतं. वेगळं शेत लागत नाही. वास नाही, तळणीत टिकतं. दुसरं सरकीचं. विदर्भ-खानदेशात कापूस होतोच, सरकी उरतेच. फरसाणवाले पिढ्यान्‌पिढ्या रिफाइंड सरकी तेलात तळत आले आहेत. कापसावरच्या फवारणीचा प्रश्न मोठा आहे, पण तुम्ही सरकी तेल घेतल्यानं कापसाचा एक एकरही वाढत नाही. तिसरं अर्थातच शेंगदाणा तेल. चव तर त्याचीच. भुईमूग आपल्याच शेतात होतो, पेंड जनावरांना जाते, पुढच्या पिकाला बेवड चांगला मिळतो. फक्त महाग आहे. करडईच्या तेलावर माझा जीव आहे, सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या रानात ती नुसत्या ओलीवर येते, ती पुन्हा पेरली जावी असं मनापासून वाटतं. पण ते पुन्हा पुन्हा तापवायला आणि तळलेला माल टिकवायला तितकंसं योग्य नाही. करडई घरच्या भाजी-आमटीला ठेवा.

दराचा हिशेब घाबरण्याइतका वाईट नाही. कुठल्याही फरसाणाच्या पुड्यावर बघा, १०० ग्रॅममागे ३० ते ४० ग्रॅम मेद लिहिलेला असतो, आणि त्यातलं बहुतेक तळणीचं तेल. तुमची चकली नीट तळलेली असेल तर किलोला पाव किलो ते तीनशे ग्रॅम तेल धरा. दोन तेलांच्या भावात किलोमागे ६० रुपयांचा फरक असला तरी चकलीच्या किलोमागे तो १५ ते १८ रुपये होतो. कढईत उरणाऱ्या तेलाचे दोन-चार रुपये वर धरा. घरच्या चकलीला किलोमागे वीस रुपये जास्त द्यावे लागले म्हणून चांगलं गिऱ्हाईक तुटत नाही. राइसब्रान किंवा सरकी घेतलंत तर फरक याहूनही कमी येईल, तुमच्या तेलवाल्याकडे आजचे भाव विचारा.

तेल कमी लागेल असंही बघा. तेल पुरतं न तापता चकली सोडली किंवा मोहन जास्त झालं की ती तेल पिते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मदतीला येणाऱ्या दोघींना पहिल्याच दिवशी कढईपाशी उभं राहून दाखवा, कारण घाईत हात तिथंच चुकतो. चिवड्यात तळलेल्या पोह्यांऐवजी पातळ पोह्यांचा चिवडा पुढे करा. त्याला फोडणीपुरतं तेल लागतं आणि तो हलका म्हणून हल्ली लोक मागूनही घेतात.

एकदम सगळं बदलू नका. गणपती झाले की चकलीचे तीन छोटे घाणे तळून काढा, एक राइसब्रान, एक सरकी आणि एक शेंगदाणा तेलात. डब्यांवर तारीख घालून ठेवा आणि तीन आठवड्यांनी उघडून वास घ्या, चव बघा, सासूबाईंनाही द्या. त्यांची जीभ या कामात तुमच्यापेक्षा पक्की असणार. जे टिकलं ते नेहमीच्या मालाला घ्या. शेंगदाणा तेलातली चकली वेगळी, वाढीव दरानं ठेवा, ती मागणारी माणसं डोंबिवलीत भरपूर आहेत. तेल सीलबंद डब्यातलंच घ्या, सुट्टं नको, नाहीतर सरकीच्या नावाखाली पामोलिनच घरी यायचं.

गिऱ्हाइकांना दिवाळीच्या ऑर्डरीचा मेसेज पाठवाल, त्यात दराच्या शेजारी तेलाचं नाव लिहा. कारण एका ओळीत: "यंदापासून पामतेल बंद, तळण राइसब्रान तेलात." कुणी फोन करून का म्हणून विचारलंच तर फोन मुलीकडे द्या.